जिन्याखालची फ्रेंच सायकल

घाटकोपर असो, मुलुंड असो वा बोरिवली, पुनर्विकासाच्या करारावर सह्या झाल्या की इमारतीत मजल्यागणिक एकच दृश्य दिसू लागते. वर्षानुवर्षे माळ्यावर निजलेली पितळी भांडी, पत्र्याच्या ट्रंका, पाय मोडलेली शिवणयंत्रे आणि गंजलेल्या सायकली एकामागून एक खाली उतरतात. भाड्याच्या तात्पुरत्या घरात एवढे सामान मावणार नसते. दारात भंगारवाला काटा घेऊन उभा असतो, आणि घरातील कर्त्या माणसाला एकच घाई असते, ती म्हणजे जागा मोकळी करण्याची. चाळीस-पन्नास वर्षांचा संसार अशा वेळी किलोच्या भावाने मोजला जातो.

असेच एक घर डोळ्यांसमोर आणावे. कुटुंब घाटकोपर पूर्वेचे. दुकान पश्चिमेला, जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही ‘आग्रा रोड’ असलेल्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, हार्डवेअरचे. आजोबांनी ऐंशी ओलांडलेली, वडील दुकान पाहणारे, नातू नुकताच सी. ए. झालेला. जिन्याखालच्या अंधारातून एक सायकल बाहेर निघते. मेंढ्याच्या शिंगांप्रमाणे खाली वळलेले हँडल, अरुंद चाके, पोपडे धरलेला हिरवा रंग, मागच्या चाकावर पाच दातेरी चकत्या. कंपनीचे नाव कुठेही नाही आणि पायडल तर दोन्ही गायब. भंगारवाला ती एका हाताने उचलून पाहतो आणि तीनशे रुपये सांगतो. वडील मान डोलावतात. नातू मोबाइलवर शोधाशोध करून म्हणतो, ‘पप्पा, परदेशात अशा सायकली लाखाला जातात.’ आजोबा इतका वेळ गप्प असतात. शेवटी ते एवढेच म्हणतात, ‘ती एकट्या माझी नाही.’

या वाक्याचा अर्थ घरात सर्वांना ठाऊक असतो. वीस वर्षांपूर्वी दोघा भावांचे दुकान वेगळे झाले. गाळे, माल, उधारी, अगदी लोखंडी तिजोरीसुद्धा वाटणीपत्रात आली. सायकल तेवढी कोणी लिहिली नाही. धाकटे आजोबा बोरिवलीला गेले. तेव्हापासून दोन्ही घरांची गाठ पडली ती लग्नात नाहीतर दुःखाच्या प्रसंगी.

तीनशे आणि लाख या दोन्ही आकड्यांत एकच दोष आहे. माल न ओळखता ते सांगितले गेले. भाव सांगण्यापूर्वी माल ओळखावा, हा व्यापाराचा पहिला धडा. परंतु घरातील जुन्या वस्तूंपुढे उभे राहिले की पिढीजात व्यापारीही तो विसरतात.

सायकल म्हटली की आपल्याकडे इंग्लंड आठवते. रॅले, हंबर, हर्क्युलिस, बीएसए ही नावे जुन्या घरांत घरच्या माणसांसारखी घेतली जात. परंतु या वाहनाच्या बालपणाचा मोठा भाग फ्रान्समध्ये गेला. १८६०च्या दशकात पॅरिसमधील मिशो यांच्या कारखान्याने पुढच्या चाकाला पायडल जोडलेली वाहने विकण्यास आरंभ केला. १८६९ मध्ये पॅरिस ते रुआँ ही लांब पल्ल्याची शर्यत झाली आणि १९०३ मध्ये एका क्रीडा वृत्तपत्राने आपला खप वाढवण्यासाठी ‘तूर द फ्रान्स’ सुरू केली. प्यूजो हे घराणे मुळात करवतीची पाती आणि कॉफीच्या चक्क्या करणारे. सिंहाचे बोधचिन्ह त्यांनी १८५८ मध्ये नोंदवले आणि १८८२ पासून ते सायकलींकडे वळले. पोलाद ओळखणारे व्यापारी घराणे एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर कसे जाते, याचा हा चांगला नमुना आहे.

अशी फ्रेंच सायकल मुंबईच्या उपनगरात कशी यावी? वाटा थोड्या होत्या, पण होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिस ही मोत्यांच्या व्यापाराची मोठी पेठ होती. लिंबडीचे क्रांतिकारक सरदारसिंह राणा यांनी तेथे मोत्यांच्याच व्यापारावर आपले बस्तान बसवले होते. पुढे १९६०च्या दशकापासून पालनपूरकडील जैन व्यापारी हिऱ्यांसाठी बेल्जियममधील अँटवर्पला जाऊ लागले. शिवाय फोर्टमधील परदेशी कंपन्या आणि वकिलाती यांतील साहेब बदली होऊन मायदेशी परतताना आपले सामान येथेच विकून जात. आमच्या चित्रातील सायकल अशाच एका वाटेने आली असे धरावे. १९६८ साली दोघा भावांनी पैसे जमवून एका परतणाऱ्या फ्रेंच गृहस्थाकडून ती घेतली. एक दिवस थोरल्याने चालवावी, दुसऱ्या दिवशी धाकट्याने, असा शिरस्ता होता.

आता ओळख कशी पटवावी? रंगावर आणि नावाच्या पट्टीवर प्रथम विसंबू नये. रंग पुन्हा दिला जातो, पट्टी निघून जाते, आणि हलक्या मालावर भारी नाव चिकटवण्याची कला सर्व देशांत आहे. त्याऐवजी सुट्या भागांवर कोरलेली नावे वाचावीत. ब्रेकवर ‘माफाक’, गिअर बदलणाऱ्या यंत्रणेवर ‘सिम्प्लेक्स’ किंवा ‘उरे’, क्रँकवर ‘स्ट्राँगलाइट’, चाकाच्या हबवर ‘नॉर्मंडी’ किंवा ‘मायार’, रिमवर ‘माविक’ वा ‘रिजिदा’, पायडलवर ‘लिओतार’ अशी नावे एकत्र आढळली तर सायकल फ्रेंच असण्याचा संभव मोठा. काळही यांतूनच कळतो. सिम्प्लेक्सने १९६०च्या दशकात डेलरिन नावाच्या कडक प्लॅस्टिकचे गिअर काढले. ते मूळचेच असतील तर सायकल त्यापूर्वीची असू शकत नाही. काही हबवर तर निर्मितीचा काळ सांगणारे बारीक आकडेही ठोकलेले असतात.

तरीही भाग बदललेले असू शकतात. सोनार शिक्का पाहतो, तसा कसही लावतो. सायकलीचा कस म्हणजे मापे, आणि येथे हार्डवेअरच्या दुकानातील व्हर्निअर कॅलिपर कामास येतो. सीटखालच्या उभ्या नळीचा बाहेरचा व्यास इंग्रजी सायकलीत २८.६ मिलिमीटर म्हणजे सव्वा इंचाला एक अष्टमांश कमी असतो. फ्रेंच सायकलीत तो नेमका २८ मिलिमीटर असतो. वरची आडवी नळी इंग्रजीत २५.४ मिलिमीटर, म्हणजे एक इंच, फ्रेंचमध्ये २६. हँडलचा जो दांडा चिमट्याच्या नळीत उतरतो, तो इंग्रजीत २२.२ आणि फ्रेंचमध्ये २२ मिलिमीटर. फरक डोळ्यांना दिसत नाही, पण कॅलिपरला दिसतो. कोठे गोल आकडा मिलिमीटरमध्ये येतो आणि कोठे इंचात, यावरून वस्तूचे माहेर कळते. मीटर ही फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील निर्मिती. तिचा ठसा त्या देशाच्या प्रत्येक नळीवर उमटलेला आहे.

सीटचा दांडा उपसून त्याचा व्यास पाहिला की दर्जाचाही अंदाज येतो. नळीचा पत्रा जितका पातळ, तितकी आतील पोकळी मोठी. दांडा २६.४ मिलिमीटरचा असेल तर फ्रेम बहुधा रेनॉल्ड्स ५३१ या हलक्या मिश्रपोलादाच्या नळ्यांची, म्हणजे शर्यतीची. दांडा २४-२५ मिलिमीटरच्या आसपास असेल तर नळ्या साध्या आणि जाड, म्हणजे सायकल रोजच्या वापराची. आमच्या चित्रातील नातू दुकानातून कॅलिपर आणतो. नळी २८ भरते. हबवर ‘नॉर्मंडी’, ब्रेकवर ‘माफाक’ निघते. मात्र सीटचा दांडा २४ मिलिमीटरचा, आणि क्रँक कॉटर ठोकून बसवलेला पोलादी. सायकल फ्रेंच खरी, पण शर्यतीची राणी नव्हे; मध्यमवर्गीय फ्रेंच तरुणाने कामावर जाण्यासाठी घेतलेली. लाखाचा आकडा येथेच गळून पडतो. तीनशेचाही.

पुढची अडचण पायडलची. नातू सायकल ढकलत स्टेशनजवळच्या मिस्त्रीकडे नेतो. मिस्त्री अनुभवी असतो. नवे देशी पायडल काढून तो क्रँकला लावू पाहतो. एक आटा जातो आणि पायडल अडते. ‘बसेल शेठ, पान्याला पाइप लावून जोर दिला की बसेल,’ असे म्हणून तो लांब पाइप उचलतो. या एका क्षणात अनेक जुन्या फ्रेंच सायकलींचे आयुष्य संपलेले आहे.

दोष मिस्त्रीच्या हाताचा नाही. त्याच्या हाताला इतिहासाने एकच भाषा शिकवली आहे. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना १९३९ मध्ये स्थापन झाला. १९४९ मध्ये मद्रासची टी. आय. सायकल्स बर्मिंगहॅमच्या कंपनीच्या भागीदारीत निघाली, पुढे आसनसोलला सेन-रॅले आली. सारे आराखडे, सारी यंत्रे, सारे आटे इंग्रजी. भारताने १९५६ मध्ये वजने-मापांचा कायदा करून मेट्रिक पद्धत स्वीकारली, १ एप्रिल १९५७ पासून आणे-पैंचा हिशेब सोडून नवे पैसे आणले; दुकानातला शेर गेला, किलो आला. सायकलीचे आटे मात्र इंचातच राहिले. देशी पायडलच्या दांड्याचा व्यास नऊ सोळांश इंच, म्हणजे सुमारे १४.३ मिलिमीटर, फ्रेंच क्रँकचे भोक १४ मिलिमीटरचे. आट्यांमधील अंतर इंग्रजीत १.२७ मिलिमीटर, फ्रेंचमध्ये १.२५. इतक्या जवळची मापे असल्यामुळेच घात होतो. फरक मोठा असता तर पायडल शिरलेच नसते आणि मिस्त्रीने नाद सोडला असता.

क्रँकमधून आडवा जाणारा एक्सल ज्या कपांवर फिरतो, तेथेही हीच गत. इंग्रजी सायकलीत उजवा कप उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. फ्रेंच सायकलीत दोन्ही कपांचे आटे सरळ. मिस्त्री सवयीने इंग्रजी दिशेला जोर लावतो आणि सोडवण्याऐवजी कप अधिकच आवळतो. त्यातही काही फ्रेंच कारखान्यांनी, मोतोबेकानने विशेषतः १९७०च्या दशकात, माप फ्रेंच पण उजवा कप उलट्या आट्यांचा अशी स्विस रीत वापरली. म्हणून आधी वंगण सोडून दोन दिवस थांबावे, मग बेताचा जोर एका दिशेला आणि तेवढाच दुसऱ्या दिशेला लावून पाहावा.

टायरच्या बाबतीत दैव अनुकूल आहे. आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलीचे ‘अठ्ठावीस इंची’ टायर ज्या रिमवर बसते तिचा व्यास ६३५ मिलिमीटर. बहुतेक फ्रेंच रोड सायकलींच्या ‘७०० सी’ रिमचा ६२२. देशी टायर तेथे बसणार नाही. परंतु आजच्या गिअरच्या सायकलींनाही ७०० सी टायरच असते, त्यामुळे ते उपनगरातील कोणत्याही मोठ्या सायकल-दुकानात मिळते. व्हॉल्व्ह मात्र बारीक, ‘प्रेस्टा’ जातीचा. त्यासाठी रिमला केलेले भोक लहान असते. जाड व्हॉल्व्हची ट्यूब बसवण्यासाठी ड्रिलने भोक मोठे करण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नये. बारीक व्हॉल्व्हची ट्यूब थोडी शोधावी लागते, एवढेच. कापलेला पत्रा पुन्हा भरत नाही.

पुनरुज्जीवन याचा अर्थ नवी रंगरंगोटी, अशी समजूत रूढ आहे. जाणकारांची पद्धत याच्या उलट असते. प्रथम जशी आहे तशीच सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. मग एकेक भाग सोडून, कापडावर क्रमाने मांडून, रॉकेलने धुवावा. छर्रे मोजून वेगळ्या डबीत ठेवावेत. ते स्वस्त असतात, घासलेले असल्यास सगळा संच बदलावा. क्रोमवरचा वरवरचा गंज अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाचा बोळा पाण्यात बुडवून घासला की निघतो. मूळ रंग, तो फिका वा खरवडलेला असला तरी, शक्यतो ठेवावा. नवा रंग केव्हाही देता येतो, मूळ रंग एकदाच असतो. प्लॅस्टिकच्या गिअरला जोर लावू नये. साठ वर्षांनंतर त्याला तडे जातात. अ‍ॅल्युमिनियमचा दांडा पोलादी नळीत दमट, खाऱ्या हवेने धरलेला असेल तर घाई करू नये. तेल आणि धीर यांखेरीज त्यावर उपाय नाही.

एका ठिकाणी मात्र मूळ वस्तूचा मोह सोडावा लागतो. हँडल आणि त्याचा दांडा, चिमटा, ब्रेकच्या तारा यांवर चालवणाऱ्याचा जीव अवलंबून असतो. दांड्यावर केसाएवढी जरी चीर दिसली तरी तो भाग भिंतीवर टांगण्याच्या लायकीचा, रस्त्यावर नेण्याच्या नव्हे. तारा आणि ब्रेकची रबरे न विचारता नवी घालावीत.

जैन घरात आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो सीटचा. त्या काळातील चांगल्या फ्रेंच सायकलींवर ‘इदेआल’सारखी कातडी सीट असे, पायडलला बांधायचे पट्टेही कातड्याचे. मूळ वस्तू जपावी की कातडे घरात नको, हा पेच वाटतो तितका कठीण नाही. १९६०च्या दशकातच इटलीत प्लॅस्टिकच्या सांगाड्याची ‘युनिका’ सीट निघाली आणि व्यावसायिक शर्यतपटूंनीही ती वापरली. तेव्हा कातडे नसलेली सीट बसवणे ही काळाशी प्रतारणा ठरत नाही. वंगणाचेही तसेच. जुन्या ग्रीसमध्ये जनावरांची चरबी वापरली जात असे. आजच्या बहुतेक लिथियम ग्रीसचा घट्टपणा एरंडेलापासून तयार होणाऱ्या पदार्थाने येतो, आणि एरंडीचे सर्वांत मोठे पीक तर आपल्या शेजारच्या गुजरातचे. ज्यांना खात्री हवी त्यांनी उत्पादकाकडे विचारणा करावी.

फ्रेंच सायकलीच्या मागच्या चकत्यांकडे पाहताना एका व्यापाऱ्याचे स्मरण अवश्य करावे. पॉल द विव्ही हे सेंट-एतिएन येथील रेशमाचे व्यापारी. जन्म १८५३ चा. सायकलीचे वेड लागल्यावर त्यांनी रेशीम मागे टाकले, १८८७ मध्ये सायकलीचे मासिक काढले आणि ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ते लिहू लागले. चढावर हलका आणि सपाटीवर भारी असा वेग बदलता यावा म्हणून गिअरचा पुरस्कार त्यांनी आयुष्यभर केला. तूर द फ्रान्सच्या चालकांना हे दुबळेपणाचे लक्षण वाटे. त्या शर्यतीत साखळी सरकवणाऱ्या गिअरला १९३७ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा व्हेलोसिओ यांना जाऊन सात वर्षे झाली होती. हे गृहस्थ शाकाहारी होते. मांस, मद्य आणि तंबाखू वर्ज्य करूनच ते तरुणांना मागे टाकत शेकडो किलोमीटरचे प्रवास करत. वाण्याच्या पोराला कष्टाचे खेळ झेपत नाहीत, असे म्हणणाऱ्यास हे एक उदाहरण पुरे व्हावे.

मुंबईही या बाबतीत मागे नव्हती. ऑक्टोबर १९२३ मध्ये या शहरातून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ४४,००० मैल तुडवून मार्च १९२८ मध्ये परत आले. आणि जुन्या सायकली जपण्याचे काम पाहायचे तर फार दूर जावे लागत नाही. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी आपल्या संग्रहाचे संग्रहालय २०१७ मध्ये खुले केले. तेथे शंभराहून अधिक सायकली आहेत. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बीएसएने केलेली, मधोमध दुमडणारी सायकल त्यांत आहे. एकेक भाग शोधून, मूळ रूप सांभाळून उभ्या केलेल्या त्या रांगा पाहिल्या की भंगाराचा काटा किती अपुरे मोजतो ते कळते.

पुन्हा घाटकोपरकडे. नातू मिस्त्रीच्या हातातील पाइप अडवतो. ‘काका, थांबा. याचे मूळ पायडल शोधतो.’ मूळ पायडल न मिळाल्यास क्रँकचे भोक नऊ सोळांश इंचाचे आटे पाडून वाढवता येते. योग्य टॅप वापरला तर काम पक्के होते, पण ते पाऊल मागे घेता येत नाही. म्हणून ते शेवटचे. घरात पायडल नाहीत. आजोबा खिडकीबाहेर पाहत राहतात. मग नातू बोरिवलीला फोन लावतो.

‘छोटे दादाजी, सायकलीचे पायडल कधी निघाले, तुम्हाला आठवते का?’

पलीकडे बराच वेळ शांतता असते. ‘निघाले नाहीत. मी काढले. वाटणी झाली त्या संध्याकाळी. मला मिळत नाही, तर एकट्या त्यालाही मिळू नये, असे तेव्हा वाटले.’ थोड्या वेळाने पुन्हा आवाज येतो, ‘माझ्या कपाटात आहेत. दरवर्षी तेल लावतो.’

वीस वर्षे सायकल जिन्याखाली का उभी होती, याचा उलगडा तेव्हा होतो. त्या वेळीही थोरल्या भावाने मिस्त्रीकडे देशी पायडल लावून पाहिले होते, ते शिरले नव्हते, आणि कारण कोणालाच कळले नव्हते. तीन दशांश मिलिमीटरच्या फरकाने एक सायकल थांबवली. दोन घरे थांबली ती कशाने, ते मोजणारा कॅलिपर कोणत्या दुकानात मिळणार?

रविवारी धाकटे आजोबा येतात. हातातील पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन पायडल आणि १९६९ मधील एक छायाचित्र असते. पवई तलावाच्या काठी दोघे भाऊ मध्ये सायकल धरून उभे आहेत. पुढच्या नळीवर सिंहाचे चिन्ह आणि प्यूजोचे नाव स्पष्ट वाचता येते. मापांनी जे सांगितले होते, त्यावर कागदाचा शिक्का बसतो. पायडलच्या दांड्यांवर उजवे-डावे दर्शवणारी इंग्रजी अक्षरे नाहीत. एकावर ‘डी’, दुसऱ्यावर ‘जी’ कोरलेले आहे. ‘द्रुआत’ म्हणजे उजवे, ‘गोश’ म्हणजे डावे. नातू ‘डी’ उजव्या क्रँकला लावतो आणि बोटांनीच फिरवतो. आटे विनासायास शिरत जातात; पाना लागतो तो शेवटच्या आवळणीपुरता. जुन्या यंत्रांबाबत लक्षात ठेवण्याजोगा नियम हाच आहे: जे आपल्या जागेचे असते, ते बोटांनी बसते, जोर लावावा लागला की समजावे, वस्तू तरी चुकली आहे किंवा जागा.

आता हिशेब. टायर, ट्यूब, तारा, रबरे, छर्रे, ग्रीस, मिस्त्रीची मजुरी हा सारा खर्च धरला तर अशा मध्यम प्रतीच्या सायकलीत घातलेले पैसे विक्रीतून परत येतीलच असे नाही. नफ्यासाठी हे काम हाती घेऊ नये. विकायचीच झाली, तर कोणते भाग मूळचे आणि कोणते बदललेले, सीट कोणती, रंग कधीचा, हे लेखी द्यावे; ग्राहकाला माहीत नसलेला दोष सांगून टाकणाऱ्या पेढीचे नाव तीन पिढ्या टिकते. नातवाने असा एक कागद तयार केला आहे. त्यावर मालकाच्या रकान्यात वडील म्हणतात, ‘दादाजींचे नाव लिही.’ आजोबा मान हलवतात. मग दोन नावे लिहिली जातात, आणि वाटणीपत्रात राहून गेलेली एक ओळ अशी पूर्ण होते.

इमारत पाडण्यास अजून महिनाभर आहे. ज्यांच्या घरी सामान उतरवणे चालू असेल, त्यांनी भंगारवाल्याला एक दिवस उशिरा बोलवावे. माळ्यावरच्या, जिन्याखालच्या वस्तू उजेडात आणाव्यात, त्यांवरची अक्षरे वाचावीत, घरातील सर्वांत वयोवृद्ध माणसाला शेजारी बसवून विचारावे. बरेचसे सामान शेवटी भंगारातच जाईल, आणि जावे. सगळे साठवणे हाही एक प्रकारचा मोहच. पण काट्यावर चढवण्यापूर्वी प्रत्येक वस्तूला एकदा विचारणे एवढे तरी व्हावे, की ती कोणाची.